एकशे बारा चोरबाटल्या

लोकांना वाटतं, खगोलशास्त्रज्ञ म्हणजे रात्र रात्र जागून दुर्बिणीला डोळा लावून बसणारा माणूस. हा गैरसमज मी कधी दूर करत नाही, चार माणसांत त्याचा उपयोग होतो. खरं सांगायचं तर गेली वीस वर्षं मी रात्री दहाच्या ठोक्याला घोरायला लागतो. दुर्बीण कुठल्याशा लांबच्या डोंगरावर आहे. ती आपली आपण फोटो काढते आणि सकाळी ते आमच्या संगणकावर येऊन पडलेले असतात. मग काम सुरू होतं. म्हणजे काकूंचं काम सुरू होतं. माझं काम त्यावर आकडेमोड करून खाली स्वतःचं नाव लावण्याचं.

ही हकीकत आमच्या ह्या तपासनीस काकूंची आहे. मी तिच्यात येतो तो फक्त गाढवपणा करण्यापुरता, पण गाढवपणा भरपूर असल्यामुळे जागा जरा जास्त खाईन.

आधी आम्ही काय मोजत होतो ते सांगून टाकतो. ताऱ्यांचे जे प्रचंड समूह असतात, त्यांतल्या काहींच्या मधोमध एक महाकाय कृष्णविवर बसलेलं असतं. त्यात वायू पडायला लागला की पडता पडता तो इतका तापतो की त्या एवढ्याशा जागेचा उजेड सबंध समूहाला झाकून टाकतो. ह्याला क्वेसार म्हणतात. सगळ्यात लांबच्या क्वेसारांचा उजेड आपल्यापर्यंत यायला तेराशे कोटी वर्षं लागतात, म्हणजे आपल्याला दिसतात ते विश्व अगदी लहान असतानाचे क्वेसार. तर त्या लहानपणी विश्वात असे लखलखीत क्वेसार किती होते, हा माझा प्रश्न. फार थोडे होते, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. तीनशे कोटी प्रकाशवर्षं लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच पेटी घेतली तर तिच्यात एखादा सापडायचा. पण एखादा म्हणजे नक्की किती, ह्या एका प्रश्नावर माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी केस पांढरे केले आहेत.

फोटोत हा क्वेसार दिसतो कसा? ठिपका. आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार रंगांत फोटो काढायचे, निळ्यापासून गडद लालपर्यंत. पहिल्या तिन्हींत काहीच नाही आणि चौथ्यात ठिपका, असं असेल तर तो आपला असू शकतो, कारण वाटेतला वायू त्याचा बाकीचा उजेड गिळून टाकतो. पण असं सोंग घेणारे फार असतात. जवळपासचे थंड, लालसर, फुसके तारे, कॅमेऱ्यावर आदळलेला एखादा किरण, भिंगातलं प्रतिबिंब. आमच्या प्रोग्रॅमने लाखो ठिपके चाळून चाळीस हजार बाजूला काढले होते आणि ते एकेक करून माणसाच्या डोळ्यांखालून जायला हवे होते. माझ्या डोळ्यांखालून पहिले तीनशे गेले. तीनशेएकाव्याला मला डुलकी लागली, म्हणून आम्ही जाहिरात दिली.

चार उमेदवार आले. तिघे पदवीधर, चौथ्या काकू. वय छप्पन्न, चष्म्याला दोरी, मांडीवर पर्स. त्यांनी चोवीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या होत्या. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या, सेकंदाला एक, आणि बुडबुडा, तडा किंवा वाकडी मान दिसली की ती बाटली उचलून मोडीच्या डब्यात टाकायची. मग तिथे कॅमेरा बसवला आणि बारा तपासनीस बायका घरी गेल्या. काकूंची कॅमेऱ्याबद्दल काही तक्रार नव्हती. चांगला आहे, चहा मागत नाही, असं त्या म्हणाल्या. पण दीड वर्ष घरी बसून त्यांच्या लक्षात आलं होतं की घरात बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी चौघांनाही एकच फोटो दाखवला आणि ह्यात वेगळं काय दिसतं ते विचारलं. तिन्ही पदवीधरांनी उजव्या कोपऱ्यातला एक अंधुक ठिपका दाखवला. एकाने तर तो फार लांबचा क्वेसार का असावा ह्याची इतकी छान कारणं दिली की मलाही ती पटू लागली होती. काकूंनी पर्समधून चष्म्याचं फडकं काढलं आणि ठिपका पुसून टाकला. स्क्रीनवर धूळ होती. त्या धुळीशेजारी मी आदल्या आठवड्यात मार्करने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, तेही त्यांनी पुसलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना तासभर विश्वाचा इतिहास सांगितला. फळा भरला, हात खडूने पांढरे झाले, एका वाक्याला मला स्वतःलाच गहिवरून आलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की नेमकं बघायचं काय. मी म्हटलं, पहिल्या तीन चौकटींत काही नाही आणि चौथीत ठिपका, असं दिसलं की ‘होय’चं बटण, नाहीतर ‘नाही’चं. एवढंच ना, म्हणून त्या कामाला लागल्या. तासाभराच्या भाषणाचं सार एका ओळीत येतं, हे मला तेव्हा कळलं, तरी भाषण मी अजून तेवढंच देतो.

त्यांच्या कामाला एक शिस्त होती. खिडकीकडे पाठ करून बसायचं. दर वीस मिनिटांनी एक मिनिट समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायचं. काम करताना बोलायचं नाही, कारण कारखान्यात आवाजच इतका असायचा की बोलून उपयोग नव्हता. काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहायची. दोऱ्याने बांधलेलं एक पॅड त्यांनी टेबलाच्या खिळ्याला अडकवलं होतं. दिवसाला हजार ठिपके, चाळीस दिवस, म्हणजे बरोबर आठ आठवड्यांचं काम.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की आमच्या जिन्यासमोरच्या भिंतीवर लावलेला आकाशाचा मोठा फोटो उलटा आहे. वरचा खाली नव्हे, आरशातल्यासारखा, डावीकडचं उजवीकडे. तोच तुकडा त्यांच्या स्क्रीनवर येऊन गेला होता. त्या फोटोखालून आम्ही नऊ पदवीप्राप्त माणसं नऊ वर्षं ये-जा करत होतो. दोनदा त्याच्यासमोर उभं राहून मी पाहुण्यांना आकाशातल्या दिशा समजावून दिल्या होत्या.

आता गाढवपणाकडे येतो. मोजणाऱ्या माणसाची खरी अडचण सापडलेल्यांची नसते, सुटलेल्यांची असते. काकूंनी समजा वीस क्वेसार शोधले. पण त्यांच्या नजरेतून किती निसटले? हे काढायची आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. खऱ्या फोटोंत आपणच बनवलेले नकली क्वेसार गुपचूप पेरायचे आणि तपासणाऱ्याला त्यातले किती सापडतात ते बघायचं. शंभरातले पन्नास सापडले तर समजायचं की खऱ्यांतलेही निम्मेच सापडलेत, आणि आपला आकडा दुप्पट करायचा. मी दोनशे नकली बनवले. प्रत्येक वेगवेगळ्या ताऱ्यावरून बनवायला हवा होता, पण त्यात माझी एक दुपार गेली असती. म्हणून मला आवडलेला एकच तारा घेतला, त्याच्या दोनशे नकला काढल्या आणि आठवड्याला पंचवीस अशा काकूंच्या गठ्ठ्यात मिसळून दिल्या.

काकूंना ह्याचा पत्ता लागता कामा नये, हे महत्त्वाचं. माझा चेहरा काही लपवू शकत नाही हे मला माहीत असल्यामुळे मी त्यांच्या खोलीवरून जाणंच सोडलं. आठ आठवडे मी मागच्या जिन्याने ये-जा केली आणि गुडघा दुखवून घेतला. चौथ्या आठवड्यात एकदा त्यांनी मला पाणी भरताना गाठलं. सर, त्या तुमच्या मधल्या मधल्या, असं त्या काहीतरी सांगू लागल्या. मी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला आणि काम संपेपर्यंत कामाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, असं बजावलं.

“बरं,” काकू म्हणाल्या.

त्या शुक्रवारपासून माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये त्यांची एकेक चिठ्ठी येऊ लागली. चिठ्ठीवर नुसत्या आकड्यांच्या रांगा दिसत. मी समजलो, खराब निघालेल्या फोटोंचे क्रमांक असतील. वर एक ओळ लिहिलेली असायची, ती वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा खिशात होता.

आठ आठवडे संपले. काकूंनी ‘होय’ म्हटलेल्यांतून मी माझे नकली काढून टाकले, उरलेले दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीने पडताळून घेतले आणि सतरा खरे क्वेसार हाती लागले. सतरा म्हणजे ठीकच, आजवर सगळ्यांना वाटत होतं तितकेच. मग मी नकली मोजले. दोनशेपैकी काकूंनी ‘होय’ म्हटलेले निघाले ब्याऐंशी. एक्केचाळीस टक्के.

दुसऱ्या कुणीही इथे थांबून विचार केला असता. आठवड्यावार पाहिलं असतं तरी दिसलं असतं की पहिले साडेतीन आठवडे काकू जवळजवळ एकही सोडत नव्हत्या आणि नंतर एकदम एकही पकडेनाशा झाल्या. पण मी थेट भागाकार केला. सतरा भागिले शून्य दशांश एक्केचाळीस. सतराचे एक्केचाळीस झाले! लहानपणीच्या विश्वात तेजस्वी क्वेसार आजवरच्या समजुतीपेक्षा जवळजवळ अडीचपट होते. मग ती अवाढव्य कृष्णविवरं इतक्या लवकर इतकी वाढली कशी, ह्याचं उत्तर आता जगभरातल्या लोकांना नव्याने शोधावं लागणार होतं, आणि त्यांना कामाला लावणारा मी. दाढी करताना आरशासमोर मी भाषणाचं पहिलं वाक्य घोकलं, विश्वाला आपण कमी लेखलं, आणि ‘लेखलं’ला गाल कापून घेतला.

कापूस आणून देताना बायकोने सगळं ऐकून घेतलं. काकू म्हणजे भिंतीवरचा फोटो उलटा आहे म्हणून सांगणाऱ्या त्याच ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना शंभरातले एकोणसाठ दिसले नाहीत? मी म्हटलं, वय असतं, थकवा असतो. काकू माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या आहेत ह्याची तिने आठवण करून दिली. तेव्हा मी, गालावर कापूस धरून, हा भावनेचा नव्हे, आकड्यांचा प्रश्न आहे असे अकलेचे तारे तोडले. ती काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिचं काही न बोलणं मी इतक्यांदा माझा विजय समजलो आहे की आता मोजदाद राहिलेली नाही.

त्याच आठवड्यात काकूंचा करार संपत होता. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला बोलावून घेतलं. करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवायचा की नाही ह्यावर माझं मत लेखी हवं होतं. एक्केचाळीसच टक्के दिसत असतील तर हे काम प्रोग्रॅमही करेल, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. मी दोन ओळींचं पत्र लिहिलं: तपासणीतील अचूकता अपुरी आढळली, मुदतवाढीची शिफारस करता येत नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते चहा संपेपर्यंत टिकलं.

गुरुवारी दुपारी माझं व्याख्यान होतं. सभागृहात पंचवीसेक माणसं, अर्धवट लटकलेले पडदे आणि पुढच्या रांगेत विभागप्रमुख. निमंत्रण मी घाईत सगळ्याच यादीला पाठवलं होतं, त्यामुळे शेवटच्या रांगेत दाराजवळ पर्स मांडीवर घेऊन काकूही बसल्या होत्या. आपण बघितलेल्या ठिपक्यांचं पुढे काय होतं ते त्यांना बघायचं होतं. पत्राबद्दल त्यांना अजून काही माहीत नव्हतं. तरी पहिलं वाक्य मी छान म्हटलं.

बाराव्या स्लाइडवर मी पोचलो: पेरलेले नकली क्वेसार दोनशे, तपासनीस व्यक्तीने ओळखलेले ब्याऐंशी. ‘तपासनीस व्यक्ती’ हे मी सभ्यता म्हणून लिहिलं होतं, जणू इमारतीत असे तपासनीस डझनभर होते. बाकीच्यांचं काय झालं, असं प्रमुखांनी विचारलं. सुटले, मी म्हणालो, दिवसाला हजार ठिपके बघून डोळे थकतात, ते स्वाभाविकच आहे.

“सर, सुटल्या नाहीत,” मागून काकू म्हणाल्या. “तुमच्या ट्रेमध्ये आहेत.”

मी समंजसपणे हसलो आणि म्हटलं, काकू, आपण नंतर बोलू. प्रमुख म्हणाल्या, नको, आत्ताच बोलू. काकू पर्स घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी मला ते नकली पडद्यावर दाखवायला सांगितलं. मी पाच ठिपके ओळीने दाखवले. त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली.

“ह्या सगळ्यांना डावीकडे खाली एकच पोचा आहे. बघा. खऱ्या ठिपक्यांचा आकार रोज बदलतो, जशी त्या दिवशीची हवा असेल तसा. ह्यांचा बदलत नाही. सगळ्या एका साच्यातल्या आहेत.”

मग त्यांनी कारखान्यातली पद्धत सांगितली. फोरमन मधूनच मुद्दाम खराब बाटल्या पट्ट्यावर सोडायचा, तपासणाऱ्या बायका जाग्या आहेत का ते बघायला. त्यांना त्या चोरबाटल्या म्हणत. चोरबाटली ओळखू आली की ती मोडीत टाकायची नाही, कारण मोडीचा माल वितळवतात आणि फोरमनला पुढच्या वेळी दुसऱ्या बनवाव्या लागतात. ती वरच्या फळीवर वेगळी ठेवायची आणि चिठ्ठी लिहायची. इथे फळी नव्हती. म्हणून ‘होय’चं बटण न दाबता त्यांनी क्रमांक लिहून ठेवले होते.

“तुमच्या तुम्हाला परत लागतील म्हणून वेगळ्या ठेवल्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोलू नका म्हणालात, म्हणून चिठ्ठीत लिहिलं.”

ह्यानंतर जे झालं ते व्याख्यानाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. प्रमुख उठल्या आणि माझ्या खोलीकडे निघाल्या, त्यांच्यामागे मी आणि माझ्यामागे पंचवीस माणसं, त्या उलट्या फोटोखालून. ट्रेमध्ये दोन चिठ्ठ्या निघाल्या. तिसरी माझ्या कपाखाली होती, तिच्यावर चहाची तीन गोल वर्तुळं. चौथी काकूंनीच शोधली. टेबल डुगडुगू नये म्हणून मी तिची आठ पदरी घडी करून पायाखाली घातली होती. ते एक्केचाळीस टक्के मी त्याच टेबलावर काढले होते, आणि टेबल त्या दिवशी अगदी स्थिर होतं. पाचवी माझ्या कोटाच्या खिशात होती. तिच्या पाठीमागे बायकोच्या अक्षरात साबण, दोन बल्ब आणि चपलेचा अंगठा शिवून आणणे असं लिहिलेलं होतं. प्रत्येक चिठ्ठीच्या वर तीच ओळ: ह्या चोर वाटतात, वेगळ्या ठेवल्या आहेत.

प्रमुखांनी क्रमांक मोठ्याने मोजले. एकशे बारा. मी ते माझ्या यादीशी ताडून पाहिले. एकही चुकीचा नव्हता. एवढ्या चाळीस हजारांत त्यांनी एकाही खऱ्या ठिपक्याला चोर म्हटलं नव्हतं. ब्याऐंशी अधिक एकशे बारा ही बेरीज मला फळ्यावर करावी लागली, मी विश्व बदलताना बघायला आलेल्या लोकांसमोर. एकशे चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव टक्के. सतरा भागिले शून्य दशांश सत्त्याण्णव म्हणजे साडेसतरा. विश्व होतं तिथेच राहिलं आणि तेजस्वी क्वेसार पहिल्याइतकेच दुर्मीळ झाले.

“पहिल्या ब्याऐंशींना मात्र मी होय म्हणून बसले,” काकू सगळ्यांदेखत मला म्हणाल्या. “साचा लक्षात यायला साडेतीन आठवडे लागले. त्याचं वाईट वाटतं.”

ज्या ब्याऐंशींमुळे त्यांना थोडेफार तरी गुण मिळाले होते, त्यांचीच त्या माफी मागत होत्या.

दोन ओळींचं पत्र मागे घ्यायला मी लगेच कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने एक फॉर्म पुढे केला. पत्र मागे घेण्याचं कारण, ह्या रकान्यात दोनच गोष्टी चालतात असं तो म्हणाला. ‘तांत्रिक अडचण’ लिहिलं तर काकूंना तीन महिन्यांची तात्पुरती मुदत मिळेल, पुढचं पुढे बघतील, पण माझं पहिलं मत त्यांच्या फाइलीत राहील. ‘मत देणाऱ्याची चूक’ लिहिलं तर ते मत फाइलीतून काढून टाकतात आणि पूर्ण दोन वर्षं मिळतात. मात्र त्या कागदाची एक प्रत माझ्या फाइलीत जाते. मी थोडा वेळ पेन हातात धरून उभा राहिलो. मग लिहिलं, तांत्रिक अडचण. तीन महिने म्हणजे काही थोडे नव्हेत, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या खोलीत आल्या. तोवर कुणीतरी त्यांना पत्राचं सांगितलं होतं. त्या बसल्या नाहीत.

“सर, एक विचारू? एक्केचाळीस आले तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं, मी एवढ्या सोडल्या असतील?”

टेबल डुगडुगत होतं. त्यावर हात ठेवून मी म्हणालो, “हो. मला ते सोयीचं होतं, काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “आमचा फोरमन फार रागीट होता. पण पाळी सुटायच्या आधी स्वतः येऊन फळी बघायचा.”

मी चोवीस वर्षं बाटल्या तपासलेली बाई कामाला ठेवली होती, तिला काय दिसतं ते बघायला, आणि तिला काय दिसलं तेवढंच मी बघितलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ही चहाबरोबर संपणारी नव्हती.

मग त्यांनी ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं. दोनशेतून एकशे चौऱ्याण्णव वजा केले तर सहा उरतात. त्या सहा खरोखरच सुटल्या होत्या आणि त्यांना त्या बघायच्या होत्या. सत्त्याण्णव टक्के म्हणजे फार झाले, असं मी म्हटलं, पण त्यांनी तोवर खुर्ची ओढून चष्मा लावला होता. पाच ठिपके मोठ्या ताऱ्यांच्या झगमगाटात बुडाले होते. ते त्यांनी शांतपणे बघितले आणि ह्या परत दाखवल्या तरी सुटतील असं सांगितलं. सहाव्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग भिंतीकडे मिनिटभर बघितलं आणि परत ठिपक्याकडे. मग उठून त्या आपल्या खोलीत गेल्या.

पाच मिनिटांनी परत आल्या त्या चिठ्ठी घेऊन. ह्या वेळी ट्रेमध्ये न टाकता त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि मी खिशातून चष्मा काढून वाचेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्या फोटोचा क्रमांक होता आणि खाली एक ओळ: ही दिसायला हवी होती, ही माझी चूक.

एवढंच लिहिलेलं होतं. चाळीस हजारांतली एक, तीही माझी नकली, कुणी विचारलेलं नसताना. मी ती चिठ्ठी खिशात घातली आणि कचेरीत जाऊन कालचा फॉर्म परत मागितला. रकान्यातल्या ‘तांत्रिक अडचण’वर रेघ मारून वर लिहिलं, माझी चूक. कारकुनाने कागद फिरवून बघितला आणि म्हणाला, खाडाखोड चालत नाही, नवीन फॉर्म भरा. मी भरला, आणि प्रत माझ्या फाइलीत गेल्याची पावती घेऊनच बाहेर पडलो.